खिडकी नंबर चार

क्वाचा म्हणजे उजाडलं.
बाबा ही आरोळी भोंग्यातून द्यायचे
सायकलच्या कॅरियरवर उभे राहून,
आणि हँडल धरायचा कबासो.
त्याला तेव्हा भाषण जमत नसे,
तोल मात्र छान सांभाळता यायचा.

पुढे तो मंत्री झाला.

बाबांची गोष्ट मात्र नेहमी खाटकाच्या दुकानापासून सुरू होते.
कितवेच्या त्या दुकानाला मागच्या भिंतीत एक भोक होतं,
काळ्या माणसांसाठी.
वाकायचं, हात आत घालायचा, पैसे ठेवायचे,
हातावर पडेल ते पुडकं घ्यायचं.
हाडं, चरबी, कधी नुसती आतडी.
तिथेच सोडून पाहायची सोय नाही.
आजी त्या भोकापुढे वाकायची तेव्हा
बाबा तिच्या पाठीवर बांधलेले असत.
म्हणतात, आठवतं मला,
तिच्याबरोबर मीही वाकायचो.

मग एका साली वस्तीत कुणीच मांस शिजवलं नाही.
महिनेच्या महिने भाजी, वाळलेली मासळी, मक्याचा लापशा,
आणि भोक बुजलं.
विटा आपण स्वतः वाहून नेल्या, असं बाबा सांगतात.
आई म्हणते, दोनच.

झेंडा बदलला. चार वर्षांनी पैसाही बदलला.
नोटेचं नाव ठेवलं क्वाचा,
सुट्ट्या नाण्याचं न्ग्वे, म्हणजे लख्ख.
त्याच वर्षी मी जन्मले.
बाबांनी नवी कोरी नोट माझ्या कपाळाला लावली म्हणे,
जशी काही ती घरचीच कुणी.

लहानपणी एका पहाटेत घरभर पाव यायचा.
मग एका पावाला दोनशे पहाटा,
मग तीन हजार,
आई पिशवी भरून उजेड न्यायची
आणि पदरात पीठ घेऊन यायची, तेही चाळायला लागायचं.
उजाडलं उजाडलं म्हणता म्हणता
उजाड झालं.
खाण विकली. कुणाला, ते पेपरात आलं.
कितीला, ते आलं नाही.

एक जानेवारीला सरकारने नोटेवरची तीन शून्यं खोडली.
बाबा म्हणाले, बरं झालं,
आपल्याकडची तेवढीच शिल्लक होती.

आता माझं सांगते.
मी पेन्शन कचेरीत बसते, खिडकी नंबर चार.
नोकरी कबासोकाकांच्या चिठ्ठीने लागली,
चिठ्ठी आणायला बाबाच गेले होते,
फाटकाशी चार तास थांबले,
आणि त्या चार तासांची गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही.
काच नवी आहे. खाली अर्धगोल भोक.
कंत्राटदाराने ती जरा खालीच बसवली,
उभ्या माणसाच्या बेंबीशी.
मला समोरून चेहरे दिसत नाहीत,
पट्टे दिसतात, बटणं, आणि मग एकदम
वाकलेलं टक्कल.

बाबांना म्हटलं होतं, मागच्या दाराने या.
ते रांगेत उभे राहिले.
गुरुवारी. इस्त्रीचा कोट, त्यावर पक्षाचा जुना बिल्ला
ज्याचा रंग उडून फक्त टाचणी उरलीय.
त्यांची पाळी आली तेव्हा मी नोंदवही उगाच उघडली.
वाकले.
हात आत आला, तळवा वर,
त्यावर घडी घातलेला कागद.
लेमेक चिशिंबा, म्हणाले, सावकाश, मला,
बत्तीस वर्षं, साउथ शाफ्ट.
जणू हे नाव मी लावतच नाही.

फाईल लुसाकाला आहे.
पाच वर्षं लुसाकालाच आहे.
मी शिक्का मारला, शाई फिकी होती, पुन्हा मारला.
उद्या या.

काचेपलीकडे ते हसले असावेत,
मला फक्त कोटाचं मधलं बटण हललेलं दिसलं.
किती वाजता?
उजाडल्यावर?

मागच्याने घाई केली.
त्यांचा हात गेला.
दुसरा आला.